तपासली किती, मोजली किती?

“तिला जमिनीवरची मुंगीसुद्धा दिसते हो, मॅडम.”

पाच वर्षांच्या मुलीची आई जरा घुश्श्यातच होती. शाळेत डोळ्यांची तपासणी झाली होती आणि मुलीच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली होती: डावा डोळा पुन्हा दाखवून घ्या. आईच्या मते चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. कडेवर दहा महिन्यांचा धाकटा, हातात ती चिठ्ठी आणि अर्धा दिवस वाया गेल्याचा राग चेहऱ्यावर.

मी मुलीला एक खेळणं दिलं आणि गप्पा मारता मारता तिचा डावा डोळा तळहाताने झाकला. तिचं खेळणं चालूच राहिलं. मग उजवा झाकला. तिने मान हिसडली. पुन्हा झाकला, तर माझं मनगट धरून हात खाली ओढला आणि ओठ काढले. आईचा आवाज एकदम उतरला. “असं काय करतेय ही?”

एक डोळा झाकलेला चालतो आणि दुसरा झाकलेला अजिबात खपत नाही, एवढ्यावरून पुष्कळ कळतं. थेंब घालून, पाऊण तास थांबून मोजलं तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर निघाला प्लस एक आणि डाव्याचा प्लस पाच.

उजव्याचा प्लस एक त्या वयाला साजेसाच होता. अडचण होती ती दोन्हींमधल्या चारच्या फरकाची. जवळचं पाहताना डोळ्याच्या आतलं भिंग फुगतं, आणि ते फुगवण्याचा हुकूम मेंदूकडून दोन्ही डोळ्यांना सारखाच सुटतो. एकाला थोडा, दुसऱ्याला जास्त अशी वाटणी जमत नाही. मग मेंदू कमी कष्टाचा डोळा धरतो. उजव्याची एका नंबरची कसर भरून निघेल एवढाच जोर लावतो, उजव्याला लख्ख दिसतं, आणि डावा उरलेल्या चार नंबरच्या धुक्यात राहतो. लांब पाहिलं तरी धुकं, जवळ पाहिलं तरी तेवढंच धुकं. काही काळाने मेंदू त्या धुरकट चित्राची दखल घेणंच सोडतो. याला आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो. नाव मला कधीच आवडलं नाही. तो डोळा बिचारा पाठवायचं ते पाठवतच असतो, पलीकडे उचलून घेणारं कुणी नसतं.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून पाहिला. मेंदूतल्या पेशी उघड्या डोळ्याकडे वळल्या, आणि पुढे बंद डोळा उघडल्यावरही त्याच्याकडे पुरत्या परत आल्या नाहीत. वाढ झालेल्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर असं काही झालं नाही. या दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. माणसाच्या मुलात हा नाजूक काळ पहिल्या सात-आठ वर्षांचा धरतात. पुढे दार एकदम लागतं असंही नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांतही काही प्रमाणात सुधारणा मिळते. पण जितका उशीर, तितका जोर जास्त आणि पदरात कमी. आळशी डोळा शंभरात दोन-तीन मुलांना असतो. म्हणजे भरलेल्या प्रत्येक वर्गात जवळपास एक.

आणि ते मूल तक्रार करणार नाही. तक्रार करायला आधी बरं दिसत होतं आणि आता बिघडलं, असा फरक जाणवावा लागतो. या मुलीला जग पहिल्यापासून एकाच डोळ्याचं होतं. तिला मुंगी खरंच दिसत होती.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीबद्दल सार्वजनिक बोलणं होतं तेव्हा दोन निराळ्या कामांना एकच शब्द वापरला जातो. एक काम चाळण्याचं: शेकडो मुलांमधून ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांना बाजूला काढायचं. दुसरं काम मोजण्याचं: बाजूला काढलेल्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक डोळ्याचा नंबर, भिंग सैल करून, नेमका काढायचा. चाळणी घाईत चालते, कुणालाही शिकवता येते आणि फोटोत छान दिसते. मोजायला अंधारी खोली लागते, थेंब लागतात, पाऊण तास लागतो आणि हात बसलेला माणूस लागतो. माझं म्हणणं सरळ आहे. चाळणीच्या आकड्याला मोजमापाचा मान देणं बंद झालं पाहिजे, आणि तपासणीचा कुठलाही उपक्रम किती मुलं तपासली यावर न तोलता, चाळणीत अडलेल्यांपैकी किती मोजली गेली यावर तोलला गेला पाहिजे.

मोजणं म्हणजे काय ते बहुतेक आईबापांनी पाहिलेलंच नसतं, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

डोळे तपासणं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो अक्षरांचा तक्ता. हेर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ साली केला आणि आजही तो वापरात आहे. पण तक्ता मुलालाच विचारतो, ‘दिसतं का?’ तीन वर्षांच्या मुलाला हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. चित्रांचे तक्ते आले (घर, सफरचंद, चौकोन, गोल अशा चार आकृत्यांचा फिनलंडच्या लेआ ह्यूवॅरिनेन यांचा तक्ता त्यातला उत्तम), तरी मूल बोटांच्या फटीतून बघतं ते बघतंच. वर्गात रांग लावून तपासणी घ्या, दहाव्या मुलापर्यंत शेवटची ओळ पाठ झालेली असते. शिवाय आळशी डोळ्याची एक खोड आहे: एकेक अक्षर सुटं दाखवलं तर तो बऱ्यापैकी वाचतो, अक्षरं दाटीने मांडली की अडखळतो. सुटी कार्डं दाखवून ‘पास’ केलेली मुलं मी कितीतरी पाहिली.

रेटिनोस्कोप मुलाला काहीच विचारत नाही. हातात मावणारं साधन, आतून प्रकाशाची एक उभी पट्टी बाहेर पडते. अंधाऱ्या खोलीत ही पट्टी मुलाच्या डोळ्यावरून हळूच डावीकडून उजवीकडे फिरवायची आणि बाहुलीत काय होतं ते बघायचं. बाहुलीत लालसर नारिंगी उजेड असतो आणि तोही सरकतो. पट्टीच्या बरोबरीने सरकला तर प्लसचं भिंग पुढे धरायचं, उलट दिशेला गेला तर मायनसचं. नंबर मोठा असेल तर उजेड मंद आणि सुस्त असतो, रेंगाळत सरकतो. योग्य भिंग जवळ येत जातं तसा तो उजळतो, चपळ होतो, आणि मग एका भिंगाशी सरकणंच थांबतं; सगळी बाहुली एकदम उजळते, एकदम विझते. तिथे थांबायचं. त्या मुलीच्या डाव्या डोळ्यात हे घडलं प्लस साडेसहाच्या भिंगाशी. मी ६६ सेंटिमीटरवर बसले होते, त्या अंतराचा दीड वजा केला, उरले पाच.

या वजाबाकीत सगळी कारागिरी आहे. मूल पुढे झुकलं, ६६ चे ५० सेंटिमीटर झाले, तर दीडऐवजी दोन वजा करायला हवेत. म्हणजे पोरगं खेळण्यासाठी वीतभर पुढे सरकलं की अर्ध्या नंबरची चूक. म्हणून एक हात प्रकाशाची पट्टी फिरवतो, दुसरा भिंगांची पट्टी धरतो, तोंडाने गाणं चालू असतं आणि मनात अंतराचा हिशोब. रडणाऱ्या मुलाचा नंबर काढता येतो, झोपलेल्याचाही. बोलता न येणाऱ्या मुलाचा तर याच रीतीने काढायचा.

बाहुलीत उजेडाबरोबर सरकणारी ही सावली इंग्लंडच्या विल्यम बोमन यांच्या १८५९ च्या सुमारास ध्यानात आली होती. तिचा उपयोग नंबर काढायला होतो हे १८७३ साली फ्रेंच नेत्रवैद्य क्युइन्ये यांनी दाखवलं. गंमत म्हणजे ही सावली कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, तयार होते असा त्यांचा समज होता, आणि नावही त्यांनी त्याच समजुतीने ठेवलं. कारण चुकलं, रीत बरोबर निघाली. दीडशे वर्षांनंतरही लहान मुलांच्या बाबतीत तिच्यापेक्षा भरवशाचं काही हाती आलेलं नाही.

मात्र रेटिनोस्कोपही फसतो, थेंब नसतील तर. फसवणारं असतं मुलाच्या डोळ्यातलं भिंग. दहा वर्षांच्या मुलाचं भिंग फुगून सुमारे १४ डायॉप्टरचा (म्हणजे चष्म्याच्या भाषेत १४ नंबरचा) जोर लावू शकतं, पन्नाशीत तोच अडीचवर येतो. डच नेत्रवैद्य डोंडर्स यांनी हे आकडे एकोणिसाव्या शतकात मांडले. चौदाचा जोर ज्याच्या खिशात आहे त्या मुलाला प्लस चार सहज लपवता येतो. तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, फक्त त्यासाठी दिवसभर स्नायू आवळून धरतो. पुस्तक पुढे आलं की त्याला अजून तीन-चारची भर घालावी लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार-पाच वर्षांची अशी मुलं पाहिली, तीन ते सहा प्लस असलेली आणि चष्मा नसलेली. त्यांतल्या ज्यांची जवळची नजर किंवा दोन डोळ्यांचा मेळ कच्चा होता, ती अक्षरओळखीच्या चाचणीत इतरांच्या मागे होती. अशा मुलाबद्दल घरी काय म्हणतात? बसतच नाही एका जागी. काही मुलांत हा जादा जोर डोळे आत ओढतो आणि दोन-तीन वर्षांच्या वयात तिरळेपणा दिसू लागतो. तिरळेपणाचं हे नातं डोंडर्स यांनी १८६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. नुसत्या प्लसच्या चष्म्याने डोळे सरळ झालेले पाहून आजीआजोबांनी डोळे पुसलेले मी पाहिलेत.

उलट दिशेनेही फसगत होते, आणि ती मी स्वतः करून बसले आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष. सात वर्षांचा मुलगा, डोकं दुखतं, फळ्यावरचं मधूनच पुसट दिसतं. टेबलावरच्या यंत्रात त्याने हनुवटी टेकवली, आतला रस्ता आणि रस्त्याच्या टोकाचा फुगा पाहिला, यंत्राने कागद बाहेर काढला: मायनस दीड. मी मायनस दीडची भिंगं लावली, पोराने शेवटची ओळ वाचली. मी खूश, आई खूश, चष्मा लिहून दिला. दीड महिन्याने परत आला तो डोकेदुखी वाढवून. यंत्र आता सव्वादोन मायनस दाखवत होतं. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता थेंब घातले आणि रेटिनोस्कोप माझ्या हातात दिला. नंबर निघाला प्लस पाऊण.

म्हणजे मायनसचा लवलेश नव्हता. त्याच्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळून बसला होता. यंत्रात फुगा कितीही दूर दाखवा, चित्र नाकापुढच्या डब्यात आहे हे डोळ्याला कळतं आणि तो आणखी आवळतो. वर मी मायनस लावून त्याला आणखी आवळायला भाग पाडलं. मायनसमधून त्याने शेवटची ओळ वाचली यात नवल नव्हतं. त्या वयाचं मूल मायनस तीनमधूनही वाचेल. ‘लावून बघ, दिसतंय ना नीट?’ हा प्रश्न मुलांसाठी निरुपयोगी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

थेंबांचं काम एवढंच की तो स्नायू काही तास ढिला सोडायचा. सायक्लोपेंटोलेटने साधारण पाऊण तासात तो सैल होतो आणि एका दिवसात बहुतेक पूर्ववत होतो. गडद बुबुळात औषध रंगद्रव्याला चिकटून राहतं, म्हणून असर उशिरा येतो, पुन्हा थेंब घालावे लागतात. प्लस जास्त असेल किंवा तिरळेपणा असेल तर ॲट्रोपिन मलम, तीन दिवस आधीपासून घरी घालायचं. त्याचा असर आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, अंग तापणं हे त्याचे त्रास. थेंब घालताना डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरला तर औषध शरीरात कमी उतरतं. हे आईला करून दाखवावं लागतं, कागदावर छापून देऊन भागत नाही.

आता यंत्रांबद्दल, कारण मी यंत्रांच्या विरोधात आहे असा समज होईल. हातात धरायची जी यंत्रं आलीत ती मीटरभर अंतरावरून अवरक्त प्रकाश टाकून दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदम टिपतात आणि बाहुलीतल्या उजेडाच्या कोरीवरून अंदाज बांधतात. काही सेकंदांत काम होतं. एक वर्षाच्या मुलाचंही होतं. दोन डोळ्यांतला फरक आणि सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा) ती चांगले हेरतात, कारण भिंग आवळलं तरी हे दोन सहसा लपत नाहीत. त्या मुलीची चिठ्ठी अशाच यंत्राने काढलेली होती. यंत्र नसतं तर ती माझ्यापुढे दहाव्या वर्षी आली असती. पण तेच यंत्र दोन्ही डोळ्यांना सारख्या असलेल्या प्लसच्या पुढे लंगडं पडतं, आणि त्याने दिलेला आकडा चष्म्याच्या कागदावर उतरवणं हा माझ्या मते गुन्हा मानला जावा. मोठ्या शिबिरांतून हेच होतं. पडद्यावर आकडा येतो, आकडा दिसला की तो खरा वाटतो, दोन दशांशांपर्यंत लिहिलेला तर फारच खरा. आणि कुणालातरी त्याच दिवशी चष्मे वाटायचे असतात.

आकडेच बघू. अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर निरनिराळ्या चाळण्या ताडून पाहिल्या होत्या. पहिले निष्कर्ष २००४ साली आले. शिकलेल्या हातांत सगळ्यांत सरस ठरलेल्या चार रीती (थेंबांशिवाय रेटिनोस्कोप, दोन यंत्रं आणि चित्रांचा तक्ता) जवळपास एकाच पातळीवर होत्या. निरोगी मुलांपैकी दहात एकाला विनाकारण अडवण्याची मुभा दिली, तर दोष असलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश मुलं त्यांनी पकडली. आता समजा, हजार मुलं चाळली आणि त्यांतल्या पन्नासांना खरोखर दोष आहे. बत्तीस-तेहतीस सापडतील. उरलेल्या साडेनऊशेंपैकी पंचाण्णव उगीच अडकतील. म्हणजे अडलेल्या सव्वाशे-तीसेक मुलांत चौघांपैकी तिघं निरोगी. त्यांच्या हाती तिथेच चष्मा दिलात तर? आणि ज्या सतरा-अठरा जणांना दोष असूनही ‘ठीक’चा शिक्का मिळाला, त्यांचे आईबाप आता निर्धास्त.

म्हणून चाळणी टाकाऊ ठरत नाही. चाळणीला चाळणीचं काम करू द्यावं, एवढंच.

यावर माझे सहकारीच मला दोन गोष्टी सुनावतात. पहिली: प्रत्येक अडलेल्या मुलाला थेंब घालायला माणसं आणायची कुठून? आक्षेप खोटा नाही. रेटिनोस्कोपी शिकायला महिने लागतात, हात बसायला वर्षं, आणि नव्या मुलांना यंत्राचं बटण दाबणं जास्त आवडतं. पण मनुष्यबळ कमी आहे म्हणून चुकीचा आकडा चालवून घ्यायचा, हा तर्क आपण रक्तगट तपासताना लावू का? यंत्रांवर जातो त्या पैशाचा काही भाग माणसं शिकवण्यावर जावा. चाळणीची वारंवारता कमी केली तरी चालेल, मोजणी सोडून चालणार नाही. दरवर्षी सगळ्या वर्गांना तक्ता दाखवत फिरण्यापेक्षा शाळेत येण्याआधी एकदा, तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, नीट चाळा आणि अडलेल्यांना शेवटपर्यंत न्या. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली याच वयात निदान एकदा तपासणीची शिफारस केली, आणि तिनाच्या आतल्या मुलांबाबत पुरावा अपुरा असल्याचंही मोकळेपणाने सांगितलं. मला ते पटतं. अपवाद फक्त तिरळेपणा दिसतो त्यांचा, दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांचा आणि ज्यांच्या सख्ख्या भावंडांत मोठा नंबर किंवा आळशी डोळा आहे त्यांचा. त्यांनी थांबू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: जितकं मोजाल तितके चष्मे लागतील. हे खरं व्हायचं एकच कारण, मोजणाऱ्याला वयाचा हिशोब ठाऊक नसणं. जन्मलेल्या बाळाचा डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी तो २४ च्या आसपास जातो. डोळा लांब होतो तसे कॉर्निया आणि भिंग सपाट होत जातात आणि हे गणित बहुतेकांत आपोआप जुळतं. बाळाला प्लस दोन असणं ही वाढीची पायरी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन्ही डोळ्यांना सारखा प्लस दोन असेल, डोळे सरळ असतील, तर बहुतेक वेळा चष्मा लागत नाही, पुन्हा दाखवायला बोलावतो. त्याच वयात एका डोळ्याला अर्धा आणि दुसऱ्याला अडीच असेल तर मात्र स्वस्थ बसता येत नाही. ही पारख आकडा खरा असेल तेव्हाच करता येते. कच्चा आकडा घेऊन बसलेला माणूस भीतीपोटी चष्मा देतो किंवा आळसापोटी देत नाही. सहाव्या वर्षी थेंब घालून निघालेला प्लस पाऊणपेक्षा कमी असेल, तर ते मूल पुढे मायनसकडे झुकण्याचा संभव जास्त, हेही आता माहीत आहे. मायनसची लाट येते आहे, २०५० पर्यंत निम्मं जग मायनसचं असेल असा अंदाज २०१६ पासून सगळे उद्धृत करतात. त्या लाटेवर भाषणं देणाऱ्यांनी हा पाऊण मोजायचा कसा, हेही सांगावं. थेंबांवाचून तो पाऊण दिसत नाही.

माझी मागणी हिशोबाची आहे. अहवालात पहिल्या पानावर तपासलेल्या मुलांचा आकडा असतो, त्याच्याखाली वाटलेल्या चष्म्यांचा. मला त्याच पानावर आणखी चार रकाने हवेत: किती अडली, अडलेल्यांपैकी किती पुढे आली, आलेल्यांपैकी किती थेंब घालून मोजली, आणि चष्मा लागलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जणांच्या नाकावर तो आहे. शेवटचा रकाना कुणी भरतच नाही, कारण भरला तर लाज वाटेल. चष्मा कपाटात असतो. वाकलेला असतो, कानाला बोचत असतो, किंवा ‘सारखा लावला की नंबर वाढतो’ म्हणून काढून ठेवलेला असतो. तो लावल्याने काय होतं याचा दाखला आहे: दोन डोळ्यांतल्या फरकामुळे एक डोळा आळशी झालेल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांना आधी नुसता चष्माच दिला, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांत आळशी डोळा तेवढ्यानेच बरा झाला, चांगला डोळा झाकणारी पट्टी लावावीच लागली नाही. पट्टीही पूर्वीसारखी दिवसदिवस लावत नाहीत. मध्यम प्रतीच्या आळशी डोळ्यात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरल्याचं २००३ सालीच दिसलं.

हे जमतं का? स्वीडनमध्ये चार वर्षांच्या मुलांची सरसकट चाळणी १९७० च्या दशकापासून आहे, तीसुद्धा मुख्यतः तक्त्यावरची. यंत्रांचा झगमगाट नव्हता, पण अडलेल्या मुलाला डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत नेणारी पक्की वाट मागे होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार तिथे खोल रुजलेल्या आळशी डोळ्याचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं. साध्या चाळणीने एवढं केलं, कारण चाळणीखाली भांडं ठेवलेलं होतं.

त्या मुलीचा चष्मा लिहून झाला तेव्हा आई चिठ्ठीची घडी घालत होती. दीड महिन्याने परत यायचं, चष्म्याने किती उचललं ते बघायचं, मग गरज पडली तर पट्टी. तिने दोनदा विचारून घेतलं की झोपताना काढायचा ना. मुलीच्या बाहुल्या अजून मोठ्या होत्या आणि खिडकीकडे पाहून ती डोळे मिचकावत होती.

“ताई, धाकट्यालाही बघून घेऊ,” मी म्हटलं.

“त्याला कशाला? दहा महिन्यांचा आहे तो. त्याला तक्ता कुठे वाचता येतो!”

कडेवरच त्याला थेंब घातले. रडला, दूध पिऊन झोपला, पाऊण तासाने उठवला. आईच्या मांडीवर तो, समोर मी, मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी राहून भावाला खुळखुळा वाजवून दाखवत होती. उजव्या डोळ्यात उजेड सरकायचा थांबला प्लस साडेतीनच्या भिंगाशी. डाव्यातही साडेतीनशीच. दीड वजा, उरले दोन, दोन्हीकडे सारखे, वयाला साजेसे. कागदावर लिहिलं: चष्मा नको, वर्षभराने दाखवा.